फोन खिशात, लेकरू माहेरी

गाय व्यायला आली, की घरातला गडी रात्री झोपत नाही. बॅटरी घेऊन गोठ्यात बसतो. वासरू पडले, की आधी त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटाने काढतो. कोरड्या पोत्याने अंग पुसतो. हिवाळा असला, तर वर पोते पांघरतो. वासरू धडपडत उभे राहिले, की त्याला धरून गाईच्या सडाला लावतो. खरवस घरात सर्वांना आवडतो. तरी पहिला चीक वासराच्या पोटात गेला पाहिजे, हे त्या गड्याला शिकवावे लागत नाही.

हाच गडी स्वतः बाप होतो, तेव्हा काय करतो? ओसरीवर बसतो. पेढे वाटतो. कोणी विचारले, तर म्हणतो, "हे बायकाचं काम हाय. मले काय समजते त्यातलं?"

वासराचे समजते, मग लेकराचे का समजू नये? पुसणे, ऊब देणे, चीक पाजणे, ही कामे दोन्हीकडे सारखीच आहेत. गोठ्यात जे हात चालतात, ते घरातही चालतील. थोडे शिकावे लागेल, एवढेच. आणि शिकवणारा आजकाल खिशातच आहे. तो म्हणजे फोन.

पहिले अठ्ठावीस दिवस

आपल्या वाशीम जिल्ह्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात पोरगी माहेरी जाते. सव्वा महिना झाल्यावर परत येते. कोणी दोन-तीन महिनेही राहते. बाप बारशाला जातो. नवे कपडे नेतो. दहा मिनिटे लेकराला पाहतो आणि सोयाबीन काढायला परत येतो. कोणी पुण्या-मुंबईकडे कामाला असतो. त्याचे तर बारसेही चुकते.

रीत वाईट नाही. पोरीला आईजवळ विसावा मिळतो. पण या रीतीत एक गोष्ट बापाच्या नजरेआड होते. एक वर्षाच्या आत जी लेकरे दगावतात, त्यांतली निम्म्याहून जास्त पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच दगावतात. म्हणजे जे दिवस सर्वांत नाजूक, नेमके त्याच दिवसांत बाप तिथे नसतो.

या अठ्ठावीस दिवसांवर आपल्या विदर्भातच मोठे काम झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. तिथल्या खेड्यांत त्या वेळी हजार बाळे जन्मली, तर सुमारे ६२ बाळे महिन्याच्या आत जात. दवाखाना लांब. रस्ता नाही. तेव्हा त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवले. बाळाचे वजन कसे करावे, श्वास कसा मोजावा, ताप कसा पाहावा, हे शिकवले. त्या थोड्या शिकलेल्या बायका होत्या, डॉक्टर नव्हत्या. त्या घरोघर गेल्या. २००३ सालापर्यंत ६२ चा आकडा २५ वर आला. बाळे वाचली ती मोठ्या यंत्रांनी नव्हे. वेळेवर पाहिल्याने आणि वेळेवर उपाय केल्याने वाचली.

पुढे सरकारने हेच काम आशाताईंना दिले. २०११ पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरी झाले असेल, तर पहिल्या दिवशीही येतात. ज्या गावात बाळ आहे, त्या गावची आशाताई येते. म्हणून बायको माहेरी गेली, की तिथल्या आशाताईचे नाव आणि फोननंबर बापाने लिहून घ्यावा. आता तुम्हाला लिहिता येते. मग लिहून ठेवायचे पहिले काम हेच.

फोन कोणाला येतो?

आरोग्य खात्याची एक फोनसेवा आहे. तिचे नाव किलकारी. केंद्र सरकारने ती २०१६ साली सुरू केली. महाराष्ट्रात ती २०२४ साली मराठीत आली. पोटात चौथा महिना लागल्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत आठवड्यातून एकदा फोन येतो. फोन उचलला, की बाईंचा आवाज ऐकू येतो. बाळ जेवढ्या दिवसांचे, त्याप्रमाणे माहिती सांगतात. या आठवड्यात लस आहे, या आठवड्यात बाळाला असे जपा, असे सांगतात. पैसे पडत नाहीत. साधा बटणांचा फोनही चालतो. इंटरनेट लागत नाही.

हा फोन कोणाच्या नंबरावर येतो? गरोदर बाईची नोंद करताना जो नंबर लिहिला, त्यावर. आणि तो नंबर पुष्कळदा नवऱ्याचाच असतो. घरात एकच फोन, तो गड्याच्या खिशात. मग होते काय? गडी तूर सोंगत असतो. फोन वाजतो. नंबर ओळखीचा नसतो. त्याला वाटते, कंपनीची जाहिरात. तो फोन कापतो. बाळाची माहिती शेताच्या बांधावरच राहते.

आणखी एक घोटाळा होतो. आपण सिम बदलतो. जुना नंबर बंद होतो, पण नोंदीत तोच राहतो. कधी बाळ जन्मल्याची तारीखच पुढे लिहिली जात नाही. म्हणून नंबर बदलला, तर आशाताईला सांगा. बाळ झाले, की जन्माची तारीख नोंदवली का, हेही विचारा.

या फोनचा उपयोग किती, याचीही परीक्षा झाली आहे. मध्य प्रदेशात पाच हजारांवर बायकांना घेऊन एक मोठा अभ्यास झाला. ज्यांना किलकारीचे फोन आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांची तुलना केली. पाळणा लांबवण्याच्या तात्पुरत्या साधनांचा वापर फोन आलेल्यांत थोडा जास्त दिसला. पण सहा महिने फक्त आईचेच दूध देण्याच्या बाबतीत काही फरक दिसला नाही.

असे का झाले असेल? मला वाटते, कारण सोपे आहे. फोन बोलून जातो. पण घरात घुटी उगाळायला आजी बसलेली असते. शेजारीण म्हणते, "दूध पुरत नाही वाटते, वरचं पाजा." त्या वेळी बाळंतीण एकटी पडते. अठरा-वीस वर्षांची पोर घरातल्या मोठ्यांपुढे काय बोलणार? तिच्या बाजूने बोलणारे कोणी हवे. तो बोलणारा बाप होऊ शकतो. पण त्यासाठी त्याने आधी ऐकले पाहिजे.

म्हणून फोन कापू नका. बैल सोडून झाडाखाली दोन मिनिटे उभे राहा. नाहीतर स्पीकर लावून संध्याकाळी दोघांनी ऐका. बायको माहेरी असेल, तर ऐकलेले रात्री फोनवर तिला सांगा. ती म्हणेल, "तुमाले हे कोणं सांगितलं?" सांगा, फोननं सांगितलं.

काय शिकायचे?

पहिले शिकणे दुधाचे. बाळ जन्मल्यापासून तासाभरात अंगावर पाजावे. पहिले दूध घट्ट व पिवळसर असते. तो आईचा चीक. काही घरांत तो पिळून टाकतात. वासराचा चीक आपण टाकत नाही, मग लेकराचा का टाकावा? त्या चिकात रोगाशी लढण्याची ताकद असते.

त्यानंतर सहा महिने आईचेच दूध. मध नको, साखरपाणी नको, घुटी नको. साधे पाणीसुद्धा नको. वाशीमच्या उन्हाळ्यात हे ऐकून आजी म्हणेल, "एवढ्या तपनीत लेकराचा जीव सुकंल ना!" आजीची माया खरी आहे. पण आईच्या दुधात बहुतेक पाणीच असते. उन्हाळ्यात बाळाला जास्त वेळा पाजावे आणि आईने भरपूर पाणी प्यावे. बाळाला पाणी पाजले, की त्याचे पोट पाण्याने भरते. दूध कमी जाते. पाण्यातून जंतू जातात आणि हगवण लागते. मधाचेही तसेच. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. त्यात कधी कधी असा जंतू असतो, की लहान बाळाचे अंग त्याने लुळे पडते.

दूध पुरते की नाही, हे कसे ओळखावे? बाळ रडते यावरून ओळखू नये. बाळ शंभर कारणांनी रडते. लंगोट मोजावेत. पहिला आठवडा झाल्यावर बाळ दिवसरात्रीत सहा किंवा जास्त वेळा मुतत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. लंगोट मोजणे हे काम बाप फोनवरूनही करू शकतो. "आज किती लंगोट झाले?" एवढे विचारले, तरी बाळंतिणीला बरे वाटते. जेवलीस का, हेही विचारावे. दोन्ही प्रश्न औषधाच्या मोलाचे आहेत.

बाळाला अंगावर नीट धरले नाही, तर दूध कमी जाते आणि आईच्या बोंडीला चिरा पडतात. मुंबईच्या आयआयटी या संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाने याचे व्हिडिओ तयार झाले आहेत. ते मराठीतही आहेत आणि इंटरनेटवर फुकट पाहता येतात. बाळाचे तोंड मोठे उघडलेले हवे. हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. नुसती बोंडी नव्हे, तर तिच्या भोवतीचा काळा भागही, विशेषतः खालचा, बाळाच्या तोंडात हवा. पाजताना आईला सारखे दुखत असेल, तर धरणे चुकते आहे. असा व्हिडिओ बायकोला पाठवायला नवऱ्याने लाजू नये. घरी दोघांनी मिळून पाहावा.

दुसरे शिकणे उबेचे. बाळाला थंडी लवकर बाधते. पोटातून ते ओले बाहेर येते आणि त्याच्या अंगावर चरबी कमी असते. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. पुसून कोरडे करावे. टोपरे घालावे. बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल, तर आणखी जपावे. नाळेला काही लावू नये. तेल नाही, हळद नाही, राख नाही. ती कोरडी राहिली, की आपोआप गळून पडते. नाकाकानात तेल घालू नये. खोलीत शेगडी पेटवून धुरी देतात. तो धूर बाळाच्या छातीला बाधतो.

बाळ थंड पडले का, हे पाहायला यंत्र लागत नाही. हाताची उलटी बाजू बाळाच्या पोटाला लावावी. मग पायाला लावावी. पोट ऊबदार आणि पायही ऊबदार, तर बाळ ठीक. पोट ऊबदार पण पाय थंड, तर बाळाला थंडी वाजू लागली आहे. पोट आणि पाय दोन्ही थंड, तर धोका आहे.

थंडीवर एक उपाय असा आहे, की त्याला पैसा लागत नाही. बाळाला फक्त लंगोट आणि टोपरे घालावे. आईने ते आपल्या उघड्या छातीवर, दोन स्तनांच्या मध्ये उभे धरावे आणि वरून लुगडे किंवा चादर गुंडाळावी. अंगाची ऊब अंगाला मिळते. कांगारू नावाचा प्राणी आपले पिल्लू असेच पोटाच्या पिशवीत ठेवतो. म्हणून याला कांगारू पद्धत म्हणतात. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात १९७८ साली एका इस्पितळात ही पद्धत सुरू झाली. तिथे काचेच्या पेट्या कमी होत्या आणि कमी वजनाची बाळे जास्त होती. आज साऱ्या जगात ती चालते. आणि मुख्य गोष्ट ही, की आई दमली असेल, आजारी असेल किंवा जेवायला बसली असेल, तर बापानेही असेच बाळ छातीशी धरावे. बापाच्या छातीतही तेवढीच ऊब असते.

रात्रीचा फोन

आता एक गोष्ट रचू. गोष्ट मनाची आहे, पण तिच्यातल्या खुणा खऱ्या आहेत.

समजा, रिसोड तालुक्यातला एक गडी आहे. बायको मंगरुळपीरकडे माहेरी आहे. बाळ नऊ दिवसांचे आहे. रात्री नऊ वाजता गडी फोन लावतो. फोन सासू उचलते.

"मामी, लेकरू कसं हाय?"

"चांगलं हाय जवाईबापू. लय गरीब लेकरू हाय. काही तरास देत नाही. दिवसभर झोपूनच राहिलं."

दुसरा कोणी असता, तर हे ऐकून खूष झाला असता. पण या गड्याने किलकारीचे फोन ऐकले होते. नऊ दिवसांचे लेकरू दिवसभर गुमान पडून राहते, हे काही चांगले लक्षण नाही. त्याने विचारले, "दूध किती खेपा पेलं?"

"सकाळपासून दोनदा. तोंडात धरते अन् सोडून देते."

"लंगोट किती झाले?"

"दोनच झाले."

"तिच्याजवळ फोन द्या."

बायकोने फोन घेतला. तो म्हणाला, "पोटाले उलटा हात लाव. मंग पायाले लाव."

"पोट कोमट हाय. पाय थंडगार हायेत."

"आता लेकराचं पोट उघडं कर. मी घड्याळ पाहतो. मी सुरू म्हटलं की तू पोट किती खेपा वर येते ते मोज. थांब म्हटलं की थांब. घाई करू नोको."

एक मिनिट दोघे काही बोलले नाहीत. मग ती म्हणाली, "अडुसष्ट."

"आणखी एकदा."

"सत्तर. अहो, बरगड्याखाली खड्डा पडून राहिला."

लहान बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा भराभरा चालतो. पण शांत बाळाचा श्वास पुऱ्या एका मिनिटात साठ किंवा जास्त झाला आणि दुसऱ्यांदा मोजूनही तेवढाच आला, तर तो धोका आहे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे हाही धोका आहे. न्यूमोनिया असू शकतो. काही गावांत याला डबा झाला म्हणतात आणि पोटाला बिब्बा लावतात किंवा चटका देतात. त्याने बाळ भाजते. न्यूमोनिया जात नाही. वेळ मात्र जातो, आणि इतक्या लहान बाळाजवळ वेळच नसतो.

सासू म्हणाली, "सकाळी पाहू जवाईबापू. आता रात्रीचं कुठं नेता? सव्वा महिना झाला नाही. वारं लागंल."

गडी म्हणाला, "मामी, तुमी चार लेकरं वाढवली. तुमाले माझ्याहून जास्त समजते. पण हे लेकरू पेत नाही. सकाळ होऊ देऊ नोका. मी गाडी बोलावतो."

त्याने १०८ ला फोन केला. गाव सांगितले, मारुतीच्या देवळाजवळचे घर सांगितले. मग माहेरगावच्या आशाताईला उठवले. तिचा नंबर त्याने लिहून ठेवला होता. गाडी येईपर्यंत बायकोने लेकरू उघड्या छातीशी धरले आणि वरून घोंगडी घेतली. आशाताई आली. कार्ड घेतले. त्या तिघी लेकराला घेऊन वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात गेल्या. लहान बाळांचा वेगळा विभाग तिथे असतो. तिथे बाळ आठ दिवस राहिले. गडी रिसोडहून मोटारसायकलने पहाटे पोचला. त्याने पाहिले, त्याची सासू बाहेर बाकावर बसून होती. तिने त्याला काही म्हटले नाही. डब्यातली भाकर पुढे केली.

या गोष्टीतल्या खुणांशिवाय आणखी काही खुणा आहेत. बाळाला झटके येतात. अंग तापते. नाळेभोवती लाली येते किंवा पू येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चेहरा थोडा पिवळा दिसणे पुष्कळ बाळांत असते. पण जन्मल्यापासून एका दिवसाच्या आतच पिवळेपणा आला, किंवा तळहात आणि तळपाय पिवळे झाले, तर दवाखाना. कोवळ्या उन्हात ठेवून भागत नाही. यातली एक जरी खूण दिसली, तरी दुसरीची वाट पाहू नये.

खर्चाची भीती पुष्कळांना अडवते. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम चालू आहे. एक वर्षाच्या आतल्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार फुकट, औषध फुकट, तपासणी फुकट. नेण्या-आणण्याची गाडीही फुकट. त्या गाडीसाठी १०२ नंबर आहे. एकदम जिवावर बेतले, तर १०८.

फोन खोटेही बोलतो

फोनवर सारेच शहाणे नसतात. कोणी व्हिडिओत सांगतो, अमुक चूर्ण चाटवा, बाळ गोरे होईल. कोणी सांगतो, डब्याचे दूध पाजा, बाळ गुटगुटीत होईल. इथे एक कायदा माहीत असावा. दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी डब्याचे दूध, बाटली किंवा तयार अन्न यांची जाहिरात करायला आपल्या देशात बंदी आहे. हा कायदा १९९२ चा आहे. २००३ साली तो आणखी कडक केला. म्हणजे अशी जाहिरात करणारा पहिल्याच वाक्यात कायदा मोडतो. त्याच्या दुसऱ्या वाक्यावर विश्वास कशाला ठेवावा?

गावच्या ग्रुपवर आलेला निरोप कोणी लिहिला, हे विचारावे. नाव नसेल, तर तो निरोप वाऱ्यावरचा समजावा. शंका आली, तर आशाताईला किंवा सिस्टरला विचारावे. किलकारीचा फोन कधी पैसे मागत नाही आणि बँकेचा नंबर विचारत नाही. जो विचारतो, तो दुसराच कोणी आहे.

फोन बाळाच्या हाती मात्र देऊ नये. रडते म्हणून त्याच्यापुढे चित्रे लावू नयेत. एक वर्षाच्या आत पडदा अजिबात दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. नव्या बाळाला वीतभर अंतरावरचे तेवढे नीट दिसते. एवढ्या अंतरावर माणसाचा चेहरा असावा. माहेरी असलेल्या बाळाच्या कानाशी फोन धरून बापाने दोन शब्द बोलावे. दिसत नसले, तरी आवाज ओळखीचा होतो.

घरी आल्यावर

लेकरू घरी आले. आता बापाचे हात लागतील.

शेतातून आल्याबरोबर लेकराला घेऊ नका. फवारणी करून आला असाल, तर आधी आंघोळ करा आणि ते कपडे वेगळे ठेवा. ते औषध कपाशीवरच्या अळीला मारते, लेकराला सोसत नाही. आपल्याकडे खर्रा घोटण्याची सवय फार. तंबाखू आणि चुना चोळलेले बोट तसेच लेकराच्या तोंडाजवळ नेतात. हात साबणाने धुवा. बिडी घरात ओढू नका. बाळाजवळ तर नाहीच नाही. खर्रा सोडता आला, तर फारच बरे. पण आजच्या आज हात धुणे जमते.

दूध पिऊन झाले, की लेकराला खांद्यावर उभे धरा. पाठीवरून हलका हात फिरवा. ढेकर निघेल. मानेखाली हात ठेवायला विसरू नका, कारण मान अजून धरलेली नसते. निजवताना पाठीवर निजवा. लंगोट बदला, धुवा, उन्हात वाळवा. कोणी शेजारी हसेल. म्हणेल, "बायकोचा गडी झाला." हसू द्या. गोठ्यात शेण काढताना तो हसत नाही, मग लेकराचे शी-शू काढताना का हसतो, हे त्यालाच विचारा.

रात्री लेकरू फार रडते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त रडते. दूध पाजले, लंगोट बदलला, ताप नाही, तरी रडते. अशा वेळी माणसाला राग येतो. कितीही राग आला, तरी लेकराला गदगदा हलवू नका. त्याने डोक्याच्या आत रक्त वाहते आणि जन्माचे नुकसान होते. लेकराला खाली सुरक्षित निजवा. बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारा. मग परत या आणि बायकोला म्हणा, "तू झोप तासभर, मी घेतो." बाळंतिणीला झोप मिळणे हीच मोठी मदत. ती सारखी रडत असेल, जेवत नसेल, लेकराकडे पाहत नसेल, तर तिला रागावू नका. हाही एक आजार आहे. तिलाही दवाखान्यात न्या.

लस कधी, हे कार्डावर लिहिलेले असते. जन्मल्याबरोबर, मग दीड महिन्याला, अडीच महिन्याला, साडेतीन महिन्याला, आणि नऊ महिने पुरे झाल्यावर. लस दिल्यावर एखादा दिवस अंग तापते, मांडी सुजते. म्हणून पुढची लस चुकवू नये. लसीच्या दिवशी बापाने सोबत जावे. जाताना लेकरू त्याने घ्यावे, पिशवी बायकोने घ्यावी.

आता लिहा

माता-बाल संरक्षण कार्ड घरात कुठे ठेवले आहे, ते काढा. त्यात पाहून कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा:

बाळाचा जन्म कोणत्या तारखेला झाला? जन्माच्या वेळी वजन किती होते?

मागच्या खेपेला वजन किती भरले? वजनाचा ठिपका हिरव्या पट्ट्यात आहे, पिवळ्या पट्ट्यात आहे, की खाली नारिंगी पट्ट्यात?

पुढची लस कोणत्या तारखेला आहे?

आपल्या गावच्या आशाताईचा नंबर काय? माहेरगावच्या आशाताईचा नंबर काय?

त्याखाली १०२ आणि १०८ हे दोन आकडे लिहा. कागद दाराच्या आतल्या बाजूला, रात्री बॅटरी मारली तर दिसेल असा चिकटवा.